आफ्रिकेतल्या संग्रहालयांसाठी माणसं घडवणारी फेलोशिप कशी उभारावी

केपटाउनच्या बंदरावर १९२४ साली बांधलेली धान्याची कोठारं आहेत. काँक्रीटच्या बेचाळीस उंच नळकांड्या. ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने त्या आतून कापून मधोमध मक्याच्या दाण्याच्या आकाराची भव्य पोकळी काढली आणि सप्टेंबर २०१७मध्ये तिथे ‘झाइट्स मोका’ हे समकालीन आफ्रिकी कलेचं संग्रहालय उघडलं. इमारतीची छायाचित्रं जगभर छापून आली. पण इमारत उभी राहते दोन-चार वर्षांत आणि ती चालवणारी माणसं तयार व्हायला एक पिढी लागते. २०१९मध्ये कोयो कुओ यांनी संग्रहालयाची सूत्रं हाती घेतली. २०२१मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केपच्या जोडीने आणि अमेरिकेतल्या मेलन फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने तिथे वर्षभराची फेलोशिप सुरू झाली. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या देशांतले मोजके तरुण येतात, संग्रहालयात काम करतात आणि विद्यापीठात शिकतात.

अशी फेलोशिप दुसऱ्या कुणाला उभारायची असेल तर काय काय करावं लागेल, ते इथे मांडतो आहे. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाममध्ये स्थायिक झालेले, तिथल्या ट्रस्टवर किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या समित्यांवर बसणारे मराठी वाचक आहेत. ‘आम्हाला कलेसाठी काहीतरी करायचंय’ असं म्हणणारे त्यांच्यात बरेच असतात. त्यांनी एखादं शिल्प विकत घेऊन स्वागतकक्षात ठेवण्याऐवजी तेच पैसे इथे घालावेत, असं मला मनापासून वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच: फेलोच्या हातात खरं काम द्या आणि त्या कामाखाली त्याची सही घ्या. बाकीच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी झालेलं काम बघून घ्या

आपण पहिलेच, अशा समजुतीत कुणी राहू नये. इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संवर्धनसंस्थेने १९८६मध्ये ‘प्रेमा’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०००पर्यंत चालवला. सहाराच्या दक्षिणेकडच्या संग्रहालयांतल्या लोकांना वस्तू बिघडू न देण्याचं शास्त्र शिकवणं हा त्याचा गाभा. त्यातूनच १९९८मध्ये बेनिनमधल्या पोर्तो-नोवो इथे आफ्रिकी वारशाचं शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत रॉबेन आयलंड संग्रहालय आणि विद्यापीठं यांनी मिळून संग्रहालय व वारसा अभ्यासाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. नेल्सन मंडेला जिथे कैदेत होते त्या बेटाचं काय करायचं, हे ठरवायला शिकलेली माणसं हवीच होती.

समकालीन कलेच्या बाजूने दोन स्त्रियांची नावं घ्यावी लागतील. लागोसमध्ये बिसी सिल्वा यांनी २०१०मध्ये ‘आसिको’ ही फिरती कलाशाळा सुरू केली. लागोस, आक्रा, डाकार, मापुतो, अदिस अबाबा असा तिचा प्रवास झाला आणि दर वेळी काही आठवडे क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनं रचणारे, आणि कलाकार एकत्र राहून शिकले. कोयो कुओ यांनी केपटाउनला येण्याआधी, २००८मध्ये, डाकारला ‘रॉ मटेरियल कंपनी’ स्थापन केली आणि २०१६पासून तिथे आठ आठवड्यांची ‘रॉ अकादमी’ चालू झाली. सिल्वा २०१९मध्ये गेल्या आणि कुओ मे २०२५मध्ये. दोघींच्या हाताखालून गेलेली माणसं आज वेगवेगळ्या देशांत कामं करताहेत.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा २००६पासून चालणारा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमही आहे. आफ्रिकेतून बरेच जण तिथे जाऊन आलेत आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली मंडळीही. तो उपयोगी आहे, पण काही आठवड्यांचा आहे आणि युरोपात आहे. खंडातल्या खंडात वर्षभर शिकण्याची सोय त्याने भागत नाही.

गरज आता आणखी वाढली आहे. बेनिनमधल्या अबोमेच्या राजवाड्यातून पूर्वी लुटून नेलेल्या २६ वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर २०२१मध्ये बेनिनला परत केल्या. त्या उतरवून घेणं, तपासणं, मांडणं, त्यांच्याबद्दल लोकांशी बोलणं, या प्रत्येक कामाला जाणकार माणूस लागतो. ‘तुमच्याकडे सांभाळायला कोण आहे?’ हा प्रश्न युरोपातली संग्रहालयं वर्षानुवर्षं ढाल म्हणून वापरत आली आहेत. वस्तू ज्यांच्या आहेत त्यांना त्या परत मिळायला अशी अट लावणं मला मुळातच चुकीचं वाटतं. तरीही माणसं तयार करायला हवीतच, आपल्या स्वतःच्या गरजेसाठी.

पहिली पायरी: रिकामी खुर्ची कोणती ते शोधा

फेलोशिप जाहीर केली की अर्ज क्युरेटर व्हायचंय म्हणणाऱ्यांचे येतात. साहजिक आहे, भिंतीवर नाव त्याचं लागतं. पण संग्रहालय अडतं ते रजिस्ट्रार नसल्याने. कोणती वस्तू कुठे आहे, कुणाकडून आली, कोणत्या करारावर आली, विमा कधी संपतो, हे ज्याला माहीत असतं तो रजिस्ट्रार. तसाच वस्तू बिघडू न देणारा संवर्धक, मांडणीचे आधार बनवणारा कारागीर, शाळांसाठी कार्यक्रम करणारा शिक्षक आणि छायाचित्रांचे हक्क सांभाळणारा.

कागदावर सर्वेक्षण करत बसण्याआधी एक साधी चाचणी घ्या. संग्रहाच्या नोंदवहीचं कुठलंही पान उघडा, एका वस्तूचा क्रमांक निवडा आणि ती भांडारातून शोधून आणायला सांगा. भांडार नीट लावण्यासाठी इक्रॉमने ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत बसवली आहे. तिच्या कसोटीनुसार कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडायला हवी आणि एकही वस्तू जमिनीवर ठेवलेली नसावी. तुमच्याकडे अर्धा तास लागला तर पहिल्या तुकडीत निदान दोन फेलो नोंदणी आणि भांडार या कामांसाठी घ्या.

तुकडी लहान ठेवा. चार किंवा पाच. भेट देणाऱ्या विश्वस्तांना वीस जणांचा गटफोटो आवडेल, पण वीस जणांना एका संवर्धकाच्या टेबलाभोवती उभं करता येत नाही.

दुसरी पायरी: विद्यापीठाशी करार

नुसतं संग्रहालयात काम केलं तर हातात अनुभवाचं पत्र मिळतं आणि सरकारी संग्रहालयातल्या भरतीत त्याला कुणी विचारत नाही. नुसती पदवी असेल तर चित्र कसं उचलायचं हे माहीत नसतं. म्हणून दोन्ही हवं. केपटाउनच्या फेलोशिपचा हाच भाग मला सर्वांत घेण्यासारखा वाटतो. आणि विद्यापीठही सहज निवडलेलं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्टर्न केप वर्णभेदी राजवटीत, १९६०मध्ये, ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) ठरवलेल्या लोकांसाठी वेगळं काढलेलं कॉलेज होतं आणि पुढे तेच त्या राजवटीविरुद्धच्या विचारांचं केंद्र झालं. संग्रहालय कुणाचं, कुणाच्या वस्तू, कुणी बोलायचं, हे प्रश्न तिथल्या इतिहास विभागाने फार आधी हाती घेतले होते.

करारनाम्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पदवी कोण देणार, फी कोण भरणार, आठवड्यातले किती दिवस वर्ग आणि किती दिवस संग्रहालय, परीक्षेच्या आठवड्यात प्रदर्शनाचं उद्घाटन आलं तर कुणाचं ऐकायचं, आणि फेलोची तक्रार असेल तर ती कुणाकडे जायची. तक्रार ऐकणारा माणूस फेलोच्या थेट वरिष्ठापेक्षा वेगळा असलाच पाहिजे. संस्थांच्या भांडणात भरडला जातो तो शिकणारा.

तिसरी पायरी: पैसा

विनामानधन किंवा नावापुरत्या मानधनावर चालणारी फेलोशिप सुरूच करू नका. ती फक्त सुखवस्तू घरातल्या मुलांना परवडते आणि मग दहा वर्षांनी संग्रहालयांत तीच मंडळी दिसतात. शिवाय लुसाका किंवा याउंदेहून येणारा तिशीतला माणूस बहुधा घरी पैसे पाठवत असतो. त्याच्या विद्यावेतनात हे धरा.

अंदाजपत्रकात लोक विसरतात ती कलमं: व्हिसाची फी आणि दूतावास दुसऱ्या शहरात असेल तर तिथवरचा प्रवास. वैद्यकीय विमा. मूळ पदव्यांची समकक्षता तपासून घेण्याचा खर्च. पहिल्या महिन्याची घरभाड्याची अनामत. लॅपटॉप. इंटरनेट. परदेशी माणसाचं बँक खातं उघडायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या हप्त्यासाठी दुसरी सोय. अर्ध्या वर्षात एकदा घरी जाऊन यायचं तिकीट. याशिवाय शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी रक्कम ठेवा. त्यांच्यावर फेलो नुसता टाकला आणि कामाचा भार तेवढाच ठेवला तर दुसऱ्या महिन्यापासून फेलो फोटोकॉपी काढताना दिसेल.

देणगीदाराकडून निदान तीन वर्षांचं वचन लेखी घ्या. पहिली तुकडी ही घडी बसवण्यातच जाते. एका वर्षाच्या पैशावर सुरू झालेला कार्यक्रम दुसऱ्या वर्षी पैशाच्या मागे धावतो आणि शिकवणं मागे पडतं.

चौथी पायरी: अर्ज आणि निवड

जाहिरात इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत काढा, जमल्यास अरबीतही. फक्त इंग्रजीत काढली की सेनेगल, मोझांबिक, अंगोला, कॅमेरूनचा मोठा भाग बाहेर राहतो. वर्ग इंग्रजीत असतील तर आधी तीन महिन्यांचा भाषावर्ग द्या आणि त्याचा खर्च संस्थेने करावा.

कलेची पदवी अनिवार्य करू नका. कोयो कुओ स्वित्झर्लंडमध्ये बँकिंग आणि व्यवसाय व्यवस्थापन शिकल्या होत्या. जर्मनीत भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचे २००२मधले प्रमुख, नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझोर राज्यशास्त्राचे विद्यार्थी. पदवीची चाळणी लावली असती तर दोघंही गळाले असते.

उद्देशपत्र मागवण्यापेक्षा एक काम सांगा. ‘चालत जाऊन पाहता येईल अशी एक वस्तू निवडा. ती कुठे आहे, कशाची आहे, तिला काय झालंय, तिच्याबद्दल कुणाला विचाराल, हे पाचशे शब्दांत लिहा.’ वस्तू संग्रहालयातलीच हवी असं नाही. देवळातली, बाजारातली, आजीच्या घरातलीही चालेल. उद्देशपत्रं हल्ली सगळी एकाच छापाची येतात. या पाचशे शब्दांत मात्र कोण नीट बघतो आणि कोण ऐकीव बोलतो ते चटकन कळतं.

मुलाखत फोनवर घ्यायची तयारी ठेवा. व्हिडिओ अडखळला म्हणून उमेदवार कच्चा ठरत नाही.

पाचवी पायरी: कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच कार्यक्रम कोलमडतात. आफ्रिकी पासपोर्टवर आफ्रिकेत फिरणं अजूनही अवघड आहे. बेनिन, गांबिया, रवांडा आणि सेशल्स यांनी सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे, पण बहुतेक देशांचं तसं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी पोलीस दाखला, वैद्यकीय अहवाल, आरोग्यविमा आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते. परदेशी पदव्या तिथल्या ‘साक्वा’ या प्राधिकरणाकडून तपासून घ्याव्या लागतात. तिथलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, म्हणून निवड ऑगस्टअखेर संपवा. कागदपत्रांसाठी एक माणूस पूर्णवेळ ठेवा आणि प्रत्येक फेलोला त्याचा फोन नंबर द्या.

सहावी पायरी: वर्षाची आखणी

पहिले तीन महिने सगळ्यांनी भांडारात आणि नोंदणीत काढावेत, ज्याला क्युरेटर व्हायचंय त्यानेसुद्धा. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिणं पोकळ होतं. शिकवणं कसं असावं, ते एका चित्राच्या आगमनावरून सांगतो.

पेटी मालाच्या दारातून आत येते. बाहेरून चिकटवलेला धक्कासूचक लाल झाला आहे का, ते आधी बघायचं आणि फोटो काढायचा. मग पेटी दालनाच्या हवेत चोवीस तास बंदच ठेवायची, म्हणजे आतलं लाकूड आणि कॅनव्हास नव्या हवेला हळूहळू सरावतात. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून झाकण काढायचं. आतल्या फोमच्या प्रत्येक थराचा फोटो, कारण परत जाताना तो तसाच भरायचा असतो. चित्र मऊ अस्तराच्या टेबलावर. हातात नायट्राइलचे मोजे. आता दिवे मंद करून टॉर्च कॅनव्हासच्या जवळजवळ समांतर, बाजूने धरायचा. समोरून गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग तिरप्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखा उठतो: कुठे रंगाची खपली उचललेली, कुठे मागून काही टेकल्याचा फुगवटा, कुठे चौकटीच्या पट्टीची रेष पुढे उमटलेली. प्रत्येक खूण डाव्या आणि वरच्या कडेपासून सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायची. चित्र उसनं देणाऱ्याच्या जुन्या अहवालात ती आहे का, ते ताडायचं. तडा जुना असेल तर त्यात धूळ बसलेली दिसते, नवा असेल तर कडा स्वच्छ असतात.

इथवर सगळे शिकवतात. पुढचं महत्त्वाचं. अहवालाच्या तळाशी फेलोने सही करायची, शेजारी चित्राबरोबर आलेल्या प्रतिनिधीची सही आणि खाली मार्गदर्शकाची. सही करायची आहे हे माहीत असलं की माणूस टॉर्च पुन्हा एकदा फिरवतो.

हवामानाबद्दलही शिकवा, आणि तिथल्या हवेला धरून. वीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता हा युरोपी संग्रहालयांचा जुना दंडक. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने तो नंतर सैल करून बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के असा केला. दुआला किंवा लागोसमध्ये आर्द्रता कितीतरी दिवस ऐंशीच्या वर असते. कोकणातल्या पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटाचं काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला यातली अडचण वेगळी समजावून द्यायला नको. शिवाय वीज जाते. दक्षिण आफ्रिकेने २०२२ आणि २०२३मध्ये तासन्‌तास भारनियमन सोसलं. तेव्हा वातानुकूलन बंद पडल्यावर भांडाराचं दार किती वेळ बंद ठेवायचं, कोणत्या वस्तू आधी झाकायच्या, बुरशी कशी ओळखायची, हे त्या फेलोला परत गेल्यावर रोज लागणार आहे. महागड्या यंत्राची ओळख नंतर करून दिली तरी चालेल.

चौथ्या महिन्यापासून प्रत्येकाने एका विभागात रुजू व्हावं. कर्जाऊ वस्तूंचे करार, वाहतूकदाराशी बोलणी, विम्याची मूल्यं, भिंतीवरचा मजकूर, कलाकाराचं मानधन. ‘व्हेन वी सी अस’ हे कृष्णवर्णीय मानवचित्रणाच्या शंभर वर्षांचं प्रदर्शन झाइट्स मोकाने २०२२मध्ये भरवलं आणि पुढे ते बाझल आणि ब्रुसेल्सला गेलं. आफ्रिकेत रचलेलं प्रदर्शन युरोपने मागवून घेणं ही मोठी गोष्ट आहे. पण अशा प्रदर्शनामागे चित्रं देणाऱ्या प्रत्येकाशी वेगळा करार असतो, आणि तो वाचता येणारी माणसं लागतात. फेलोला असा एक करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लावा आणि कोणतं कलम संग्रहालयाच्या विरोधात जातं ते विचारा.

मधले काही आठवडे शहरातल्या दुसऱ्या संस्थांसाठी राखून ठेवा. केपटाउनला असाल तर डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियममध्ये जाच. वर्णभेदी सरकारने १९६६मध्ये तो भाग गोऱ्यांचा ठरवून सुमारे साठ हजार माणसं उठवली. संग्रहालयाच्या जमिनीवर त्या गल्ल्यांचा नकाशा आहे आणि जुने रहिवासी त्यावर स्वतःची घरं दाखवतात. माहिती सांगणारा तिथे अनेकदा त्याच भागात वाढलेला माणूस असतो. इझिको स्लेव्ह लॉज हीही जरूर पाहावी अशी जागा. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९मध्ये बांधलेल्या या इमारतीत जे गुलाम डांबले जात त्यांच्यात भारतातून नेलेली माणसंही होती. मराठी वाचकाने तिथे गेल्यावर थोडं थांबावं.

सातवी पायरी: मार्गदर्शक आणि फेलोचा स्वतःचा प्रकल्प

प्रत्येक फेलोला दोन मार्गदर्शक द्या, एक रोजच्या कामाचा आणि एक संस्थेबाहेरचा. बाहेरच्याने महिन्यातून एकदा तासभर बोलायचं, आणि त्या तासाचे पैसे त्याला द्यायचे.

वर्षाअखेर प्रत्येकाकडून एक पूर्ण काम हवं. लहान प्रदर्शन, एखाद्या संग्रहाची नीट केलेली यादी, एखाद्या दुर्लक्षित कलाकाराच्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन, शाळांसाठीची मालिका. विषय फेलोने निवडावा. खर्चाची रक्कम आधी सांगावी आणि तिचा हिशोब त्यानेच ठेवावा. भिंतीवर, पुस्तिकेत आणि संकेतस्थळावर नाव त्याचं जावं. लेखनाचे आणि छायाचित्रांचे हक्क कुणाकडे राहतील, ते पहिल्याच दिवशी लिहून द्या. तरुण क्युरेटरची कल्पना वरिष्ठाच्या नावाने छापली जाते ही या क्षेत्रातली जुनी कुजबुज आहे, आणि ती थांबवण्याचा एवढाच उपाय आहे.

आठवी पायरी: परतीची तयारी पहिल्या महिन्यापासून

फेलो आधीपासून नोकरीत असेल तर त्याच्या संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: वर्षभराची रजा आणि परत आल्यावर पद. नोकरीत नसेल तर आठव्या महिन्यापासून त्याच्यासाठी पत्रं लिहायला लागा. आपल्याकडे शिकून तो युरोपात निघून गेला तर त्याला दोष देऊ नका. घरी काम नसेल तर माणूस काय करणार? पण घरी काम उभं करायला मदत करता येते. अंदाजपत्रकातून प्रत्येक फेलोसाठी एक छोटी बीजरक्कम बाजूला ठेवा, परत गेल्यावरच्या पहिल्या प्रकल्पाकरता. भांडारासाठी रॅक, आर्द्रतामापक, गावातल्या शाळेतलं प्रदर्शन, काहीही. अर्ज एका पानाचा आणि निर्णय महिन्याच्या आत.

कार्यक्रम जमला की नाही ते समारोपाच्या दिवशी कळत नाही. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी प्रत्येकाला विचारा: अजून या क्षेत्रात आहात का, कोणत्या पदावर, आणि तुम्ही स्वतः कुणाला शिकवलंत का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला मी सर्वांत जास्त वजन देईन. उत्तरं देणगीदाराला जशीच्या तशी दाखवा, नाराजीची उत्तरंसुद्धा.

आणि दुसऱ्या तुकडीच्या निवड समितीवर पहिल्या तुकडीतला एक जण घ्या, पूर्ण मताधिकारासह. बैठकीचं मानधन त्याला इतर सदस्यांइतकंच द्या आणि त्याचा प्रवासखर्च आगाऊ पाठवा.